बत्तीस ट्रॅकची दिवाळी पहाट

कॉलनीच्या दिवाळी पहाटेला बुवा गाणार आहेत आणि "रेकॉर्डिंग आपलं आपणच करू, त्यात काय एवढं" असं कार्यकारिणीच्या बैठकीत बोलून बसलेल्या मंडळींसाठी ही मार्गदर्शिका आहे. असं बोलणारा प्रत्येक कार्यकारिणीत एकच असतो. बाकीचे ठराव ताबडतोब मंजूर करतात, कारण बाहेरच्या माणसाला द्यायचे पैसे वाचतात. तो बोलणारा तुम्हीच असाल तर पुढे वाचा. नसाल तर चहाची ऑर्डर बघा, ते काम जास्त मानाचं आहे.

पायरी पहिली : आपण काय करणार आहोत ते समजून घ्या

मल्टिट्रॅक म्हणजे प्रत्येक माईकचा आवाज वेगळ्या ट्रॅकवर साठवायचा. साध्या स्टिरिओ रेकॉर्डिंगमध्ये तबला मोठा आला तर तो जन्मभर मोठाच राहतो. मल्टिट्रॅकमध्ये तो नंतर घरी बसून कमी करता येतो. "नंतर घरी बसून" हे शब्द नीट वाचा. मैफल तीन तासांत आटोपते. घरी बसणं मात्र तुळशीच्या लग्नापर्यंत, मग नाताळपर्यंत आणि शेवटी लोक "रेकॉर्डिंगचं काय झालं हो?" विचारायचं सोडेपर्यंत चालतं.

1902 साली ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कलकत्त्याला आला तेव्हा हा घोर नव्हता. एक कर्णा, एक तबकडी आणि जेमतेम तीन मिनिटं. गौहर जान कर्ण्यात तोंड घालून गायल्या, शेवटी स्वतःचं नाव इंग्रजीत सांगितलं आणि मोकळ्या झाल्या. मिक्सिंग म्हणजे कर्ण्याच्या किती जवळ कुणी बसायचं, एवढंच. पुढे 1957 मध्ये लेस पॉल या अमेरिकन गिटारवादकाला अँपेक्स कंपनीनं आठ ट्रॅकचं कपाटाएवढं टेप मशीन दिलं. आज सोळा ट्रॅकचं यंत्र स्कूटरवर पायाशी ठेवून नेता येतं. यंत्र लहान झालं, स्वस्त झालं. कुणी कुठे बसायचं हा प्रश्न होता तिथेच आहे. दुकानात गेल्यावर नेमकं हेच विसरायला होतं.

पायरी दुसरी : दुकानात जाऊ नका, फोन करा

लॅमिंग्टन रोडला किंवा बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत पाऊल टाकण्याआधी एक फोन करा. कार्यक्रमाला साउंड कुणाचा आहे ते विचारा आणि त्या साउंडवाल्या दादांना फक्त एवढं विचारा : "मिक्सर कुठला आणताय?"

उत्तर "बेहरिंगर एक्स-32" असं आलं, किंवा यामाहा, ॲलन अँड हीथ यांपैकी एखादा नव्या पिढीतला डिजिटल मिक्सर निघाला, तर तुमची निम्मी खरेदी तिथेच संपली. एक्स-32 च्या मागे प्रिंटरला लावतात तसली चौकोनी तोंडाची यूएसबी असते. ती वायर लॅपटॉपला जोडली की बत्तीसच्या बत्तीस चॅनल वेगवेगळे आत येतात. लॅपटॉपवर रीपरसारखं सॉफ्टवेअर टाका. साठ दिवस ते मोफत वापरू देतं, आणि दिवाळी त्याच्या खूप आधी संपते. वायर पाच मीटरपेक्षा लांब घेऊ नका. म्हणजेच लॅपटॉप आणि तुम्ही, दोघांनाही दादांच्या शेजारीच बसायचं आहे. तेव्हा दादांशी गोड बोला. चहा मागवताना त्यांचा कप आधी मागवा. आणि "फेडरच्या आणि ईक्यूच्या आधीचा सिग्नल द्याल ना?" हे विचारायला विसरू नका. नाही तर मैदानातल्या मागच्या रांगेसाठी दादांनी केलेले सगळे चढउतार तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये कायमचे बसतील, आणि निवेदिकेच्या आवाजावर त्यांनी घातलेला इकोसुद्धा.

हा फोन फुकट असतो. म्हणूनच कुणी करत नाही. लाखभर रुपये घालून यंत्र घेतल्यावर तेच काम मांडवात आधीच आलेल्या मिक्सरवर होणार होतं, हे कळण्यात एक वेगळी मजा आहे; ती ज्यांना हवी त्यांनी ही पायरी वगळावी.

मिक्सर जुना, ॲनालॉग निघाला तर मात्र स्वतःचं काहीतरी लागेल. मग तिसरी पायरी.

पायरी तिसरी : डोकी नव्हे, माईक मोजा

"गाणारा एक, तबला एक, पेटी एक, तीन ट्रॅक झाले की" हा हिशेब कार्यकारिणी करते. तुम्ही असा करा. बुवा एक. मागे बसून आवाज मिळवणारे शिष्य दोन. तबला आणि डग्गा मिळून दोन. अभंगांसाठी पखवाज, त्याला दोन्ही बाजूंनी एकेक. पेटी एक. टाळ एक. तानपुरे दोन. निवेदिका एक, ती दोन गाण्यांच्या मधे येते असं तुम्हाला वाटतं, पण वेळ मोजून पाहा. आणि समोरच्या लोकांची दाद टिपायला दोन. चौदा झाले. टाळांचा माईक काढला तर तेरा होतील, पण टाळ काढायचं धाडस मंडळात कुणी करणार नाही.

आता खोक्यावरचे आकडे वाचायला शिका. फोकसराइट स्कारलेट 18आय20 या इंटरफेसच्या नावात अठरा आहेत, पण माईक थेट लावायच्या जागा आठच. बाकी आकडा डिजिटल तोंडांचा आहे; त्यांतल्या आठ वाटांना माईक जोडायचे तर आणखी एक खोकं घ्यावं लागतं. दुकानदार खोटं बोलत नाही. तो फक्त अठरा म्हणतो आणि थांबतो. झूम कंपनीचं लाइव्हट्रॅक एल-20 वीस चॅनलचं. त्यात माईकच्या जागा सोळा, आणि ते लॅपटॉपशिवाय स्वतःच्या कार्डावर रेकॉर्ड करतं. पहाटे पाचला मैदानात लॅपटॉपनं "अपडेट सुरू आहे, कृपया बंद करू नका" असं म्हटल्यावर चेहरा कसा होतो ते पाहिलेल्या माणसाला या शेवटच्या गुणाची किंमत सांगावी लागत नाही.

सचिव विचारतील, "शेजारच्या सोसायटीनं चोवीस ट्रॅक केले होते, आपले किती?" त्यांना बत्तीस सांगा. रिकामे ट्रॅकही मोजतात.

दोन यंत्रांना एकच माईक द्यायचा, म्हणजे एक वायर साउंडवाल्याकडे आणि एक तुमच्याकडे, तर मधे स्प्लिटर लागतो. तो ट्रान्सफॉर्मरवाला घ्या. महाग असतो. दुकानातला मुलगा माईकच्या वायरीची पिन दाखवून "कॅननला दुसरं कॅनन जोडून देतो की" असं म्हणेल आणि खरोखर पाच मिनिटांत जोडूनही देईल. तशानं आवाज येतो. त्याबरोबर काय काय येतं ते पाचव्या पायरीत पाहू.

पायरी चौथी : माईक

नवशिक्यांचा सगळ्यात लाडका विषय. तासन्‌तास बोलता येतं आणि पैसे कुणाचेच जात नाहीत.

माईक ढोबळमानानं दोन जातींचे. डायनॅमिक हा काटक : पडला, ओला झाला, निवेदिकेनं त्यावर टकटक केलं तरी चालतो. शूरचा एसएम-58 1966 पासून हेच सोसतो आहे. कंडेन्सर हा नाजूक आणि तीक्ष्ण कानाचा. त्याला मिक्सरकडून 48 व्होल्टची फँटम पॉवर लागते. तानपुऱ्याच्या जव्हारीची झिणझिण तो झकास पकडतो. पहाटेचं दवही तितक्याच आस्थेनं पकडतो आणि मग तेलात मोहरी टाकल्यासारखा तडतडतो. उघड्या मैदानात कंडेन्सर लावणार असाल तर कार्यक्रम सुरू होईपर्यंत त्यावर कोरडा रुमाल टाकून ठेवा. बुवांच्या गळ्याला मफलर आहे, माईकला का नसावा?

तरीही माईकच्या किमतीपेक्षा त्याचं तोंड कुठे आहे ते जास्त मोलाचं, आणि खरी गोम इथेच आहे. बैठकीत सगळे एकमेकांच्या मांडीला मांडी लावून बसतात. तबलजी बुवांपासून चार फुटांवर. आवाज एका मिलिसेकंदात साधारण एक फूट चालतो. म्हणजे तबल्याची थाप तबल्याच्या माईकमध्ये लगेच येते आणि बुवांच्या माईकमध्ये साडेतीन-चार मिलिसेकंदांनी पुन्हा येते. दोन्ही ट्रॅक एकत्र वाजवले की त्या दोन थापा एकमेकींचे काही सूर खातात, काही फुगवतात, आणि सुंदर लावलेला तबला पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो. अशा वेळी नवशिका आणखी महागडा माईक घेतो. तो माईक तबला आणखी स्पष्ट ऐकतो.

उपाय फुकटातला आहे. कार्डिऑइड माईक मागच्या बाजूनं जवळपास बहिरा असतो. बुवांचा माईक असा वळवा की त्याची पाठ तबल्याकडे येईल. माईक आवाजाच्या जितका जवळ, त्याच्या निदान तिप्पट अंतर दुसऱ्या माईकपर्यंत ठेवा. बुवांच्या तोंडापासून सहा इंचांवर माईक असेल तर पुढचा माईक दीड फुटाच्या आत नको. आणि तबलजींना नमस्कार करून विचारा, "जरा दीड वीत तिकडे सरकता का?" ते सरकतील. मग बुवा बसतील, मागे वळून तबलजींकडे पाहतील, आणि तबलजी नजरानजर व्हावी म्हणून पुन्हा मूळ जागी येतील. तेही बरोबरच आहे. समेवर दोघांची नजर भेटली नाही तर तुम्ही रेकॉर्ड करणार काय?

वाद्यानुसार काही सूचना. पेटीचा भाता लोकांच्या बाजूला असतो, आणि आपण स्टँड हौसेनं नेमका समोरून लावतो. मग पहिल्या भैरवापासून भैरवीपर्यंत भात्याचा सुस्कारा मिळतो. माईक वरून, स्वरपट्टीच्या बाजूनं आणा. डग्ग्याला माईक फार खेटवलात तर खर्ज इतका फुगतो की घुमारा सगळ्या गाण्यावर पसरतो. वीतभर अंतर ठेवा. तबल्यावरचा माईक ठेवताना तबलजींच्या हातोडीची आणि पावडरच्या डब्याची वाट सोडा. मैफल रंगात आली की ते हातावर पावडर घेतात, दोन्ही तळवे झटकतात, आणि ती पांढरी धूळ सावकाश खाली येऊन तुमच्या सगळ्यात महाग माईकच्या जाळीवर बसते. मग ते सहज हात लांब करून माईक स्वतःला सोयीचा वाटेल तसा फिरवतात. तिथून पुढे तो माईक टाळवाल्यांच्या मालकीचा.

तानपुरा खरा असेल तर माईक भोपळ्याजवळ. तो मोबाइलच्या ॲपमधला असेल तर मोबाइलच्या हेडफोनच्या भोकातून ईपी पिन, मग तो आवाज माईकच्या वायरीजोगा करणारा डीआय बॉक्स, मग कॅनन, आणि मोबाइल एअरप्लेन मोडवर. शेवटची सूचना शिष्याला दोनदा सांगा. मध्य लयीतला ख्याल सुरू असताना तानपुऱ्यावर आईचा फोन येणं कुठल्याच घराण्यात बसत नाही.

पायरी पाचवी : वीज, म्हणजेच सगळ्यात सुरेल साथीदार

आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची. ती रेकॉर्डिंगमध्ये शिरली की घरघर ऐकू येते, आणि कान देऊन ऐकलंत तर ती पांढरी पाचच्या किंचित वर लागते. बुवा काळी एकला गातात. तीन तासांत ना ही घरघर ढळते, ना बुवा ढळतात, आणि दोघांमध्ये समेट होत नाही.

ही घरघर बहुधा दोन ठिकाणी अर्थिंग झाल्यानं येते : साउंडवाल्याचं सामान मांडवाच्या एका टोकाच्या बोर्डावर, तुमचं दुसऱ्या टोकाच्या, आणि मधल्या वायरीत वीज आपली वाट शोधत फिरते. दोन्ही सामान एकाच बोर्डावर घ्या. ट्रान्सफॉर्मरवाला स्प्लिटर इथेच स्वतःचे पैसे फेडतो. रोषणाई दुसऱ्या फेजवर टाकायला सांगा, विशेषतः मंद-प्रखर होणारी माळ असेल तर. ती प्रत्येक लुकलुकीबरोबर गुणगुणते. लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा, पुष्कळदा आवाज तिथेच थांबतो. एक उपाय कुणीतरी अनुभवी माणूस नक्की सुचवेल : प्लगची अर्थची, जाड पिन काढून टाकायची. तो करू नका. दवानं ओल्या गवतावर, माईक हातात धरलेल्या माणसाच्या बाबतीत हा विनोदाचा विषय नाही.

पायरी सहावी : आकडे

दुकानदार 192 किलोहर्ट्झ म्हणेल. माणसाचा कान फार तर 20 किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो, आणि दिवाळी पहाटेच्या पहिल्या रांगेचं सरासरी वय पाहता तेही नाही. 48 किलोहर्ट्झला 24 किलोहर्ट्झपर्यंतचं सगळं येतं. त्यापुढचं मैदानातली वटवाघळं ऐकतील, पण ती वर्गणी देत नाहीत. 24 बिट, 48 किलोहर्ट्झ ठेवा. एका ट्रॅकला तासाला साधारण 520 एमबी लागतात. चौदा ट्रॅक, तीन तास, म्हणजे 22 जीबीच्या आसपास. 64 जीबीचं कार्ड पुरेल. 192 ला तोच हिशेब चौपट होतो.

यात दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, प्रायोजकांची नावं आणि अध्यक्षांचं मनोगत चौदा ट्रॅकवर साठवलं जातं हे खरं आहे. तासाचं भाषण म्हणजे सव्वासात जीबी. तरीही मधे रेकॉर्डिंग थांबवू नका. जे थांबवतात ते पुन्हा सुरू करायला विसरतात, आणि बुवा मधल्या काळात त्या दिवसाची सर्वोत्तम चीज गातात.

गेन, म्हणजे माईकचा आवाज किती आत घ्यायचा ते, लावताना एक ध्यानात ठेवा : साउंडचेकला गायक कधीच गात नाही. "सा" म्हणतो, खाकरतो, "ठीक आहे, मॉनिटरला थोडा तानपुरा वाढवा" म्हणतो आणि चहाला जातो. त्या "सा"वर काटा लाल रेघेजवळ नेऊन ठेवाल तर द्रुत तानेत सगळं फाटेल, आणि फाटलेला आवाज घरी बसून शिवता येत नाही. 24 बिटमध्ये खाली भरपूर जागा असते. काटा उणे 18 डेसिबलच्या आसपास खेळू द्या. दाद टिपायच्या माईकना आणखी खाली. "वाहवा" साठी लावलेल्या त्या माईकमध्ये पहिला आवाज सुतळी बॉम्बचा येणार आहे.

पायरी सातवी : ज्यांची यादी कुणीच करत नाही

ठेंगणे स्टँड. बैठकीला उभ्यानं गायचे उंच स्टँड कामाचे नाहीत. ते आणले तर विटांवर, पाटावर, कधी निवेदिकेच्या पर्सवर माईक टेकतो. लागतील त्यापेक्षा चार कॅनन केबल जास्त. पी-38 आणि ईपीचे जोडे. बंद कानांचा हेडफोन, म्हणजे समोरचा स्पीकर सोडून प्रत्यक्ष काय आत जातंय ते ऐकू येईल. कापडी गॅफर टेप. पॅकिंगची खाकी टेप लावलीत तर वायरीला वर्षभर मुंग्या लागतात. पांढरी चिकटपट्टी आणि मार्कर, प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना नाव लिहायला. यूपीएस, कारण वीज गेल्यावर जनरेटर सुरू होईपर्यंतच्या त्या मिनिटभरात यंत्र बंद पडतं आणि अर्धवट फाइल उघडत नाही. आणि दुसरा एक साधा छोटा स्टिरिओ रेकॉर्डर, सेलवर चालणारा, रंगमंचासमोर ठेवलेला. पुष्कळदा शेवटी लोक ऐकतात ते त्याचंच.

खरेदीचा क्रमही इथूनच सुरू करा. एकूण पैशांतून आधी स्टँड, केबल, टेप, यूपीएस आणि स्प्लिटर काढा. मग दोन चांगले माईक, बुवांसाठी आणि तबल्यासाठी. बाकीचे साउंडवाल्याकडे असतातच. त्याला भाडं द्या. उरतील त्या पैशांत रेकॉर्डर. नेमका उलटा क्रम सगळे लावतात, आणि तीस हजारांच्या माईकला दीडशे रुपयांची खरखरती केबल जोडून "माईक खराब निघाला हो" म्हणतात.

शेवटची पायरी : कागद

हे उपकरण दुकानात मिळत नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या 38 व्या कलमाप्रमाणे सादरीकरणावर कलाकाराचा हक्क असतो, आणि तो पन्नास वर्षं टिकतो. संमती न घेता केलेलं रेकॉर्डिंग हा त्या हक्काचा भंग ठरतो, आणि ते यूट्यूबवर टाकलं तर आणखी एक. हा हक्क एकट्या बुवांचा नाही. तबलजी, पखवाजी, पेटीवाले, टाळवाले आणि मागे बसलेले दोन्ही शिष्य, सगळ्यांचा आहे. तेव्हा रेकॉर्डिंग कशासाठी, ते कुणाकडे राहील, कुठे ऐकवलं जाईल आणि पैसे आले तर कुणाला, एवढं चार ओळींत मराठीत लिहा आणि सगळ्यांच्या सह्या घ्या. कुणी नाही म्हणालं तर त्या दिवशी रेकॉर्ड करू नका. सह्या साउंडचेकच्या वेळीच घ्या. कार्यक्रम संपल्यावर बुवांची गाडी दुसऱ्या पहाटेच्या गावी निघालेली असते.